बर्जेस की ग्रॅहॅम? रग्बी लीगमधला फॉरवर्ड समजून घेताना

कबड्डीत चढाईपटूचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण जाणकार कोपऱ्यातल्या पकडीकडे बघतात. रग्बी लीगमध्ये, म्हणजे रग्बीच्या तेरा खेळाडूंच्या प्रकारात, तसं बघायचं ते फॉरवर्डांकडे, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंकडे. सहा टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून अडवणं) होईपर्यंत चेंडू आपल्याकडे, समोर दहा मीटरवर बचावाची रांग, आणि तिच्यावर आधी आदळायचं ते यांनीच. एकाची कारकीर्द सलग पाहिली की हे काम नीट कळतं. इंग्लंडमधून निवडायचा तर माझ्या मते दोघेच: सॅम बर्जेस आणि जेम्स ग्रॅहॅम.

दोघेही उत्तर इंग्लंडचे, दोघांनीही सिडनी गाठली. बर्जेस यॉर्कशायरमधल्या ड्यूसबरीचा. ब्रॅडफर्ड बुल्सकडून खेळून तो 2010 मध्ये, एकविसाव्या वर्षी, साउथ सिडनी रॅबिटोजमध्ये गेला. ग्रॅहॅम लिव्हरपूलजवळच्या मॅगलचा. 2003 पासून सेंट हेलेन्सकडे. 2008 मध्ये सुपर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘मॅन ऑफ स्टील’ झाला आणि 2012 मध्ये कँटरबरी बुलडॉग्जकडे गेला.

या दोन वाटा एका टॅकलमध्ये समोरासमोर आल्या. 5 ऑक्टोबर 2014, ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलचा (तिथली सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धा) अंतिम सामना, साउथ सिडनी विरुद्ध बुलडॉग्ज. सुरुवातीलाच बर्जेस चेंडू घेऊन धावला, ग्रॅहॅम त्याला भिडला, आणि ग्रॅहॅमच्या डोक्याच्या धडकेने बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. बर्जेस बाहेर गेला नाही. सुजलेल्या चेहऱ्याने पूर्ण 80 मिनिटं खेळला. साउथ सिडनी 30-6 ने जिंकली, 1971 नंतर पहिल्यांदा, आणि अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक बर्जेसला मिळालं. 1970 च्या अंतिम सामन्यात याच क्लबचा कर्णधार जॉन सॅटलर मोडलेल्या जबड्याने खेळला होता. त्यामुळे तिथल्या जुन्या चाहत्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर बर्जेसचा हा सामना बघा. त्याची कारकीर्द मात्र यानंतर तुटक होत गेली. तो रग्बी युनियनमध्ये, म्हणजे रग्बीच्या पंधरा खेळाडूंच्या दुसऱ्या प्रकारात, बाथ या इंग्लिश क्लबकडे गेला, त्याच प्रकाराचा 2015 चा विश्वचषक खेळला, यजमान इंग्लंड गटातच बाद झालं आणि 2016 च्या हंगामासाठी तो सिडनीला परतला. 2019 मध्ये, तिशीतच, खांद्याच्या दुखापतीमुळे त्याला थांबावं लागलं.

पण फॉरवर्डचं रोजचं काम शिकायचं असेल तर माझं मत ठामपणे ग्रॅहॅमच्या बाजूने आहे. तो प्रॉप, म्हणजे सगळ्यात पुढे आदळणारा फॉरवर्ड, असूनही बचावाच्या अगदी तोंडाशी जाऊन पास द्यायचा. समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही, हा आदळणार की चेंडू सोडणार. त्याला पाहताना नजर चेंडूवर ठेवू नका. टॅकल झाल्यावर तो किती लवकर उठतो, धापा टाकत रांगेत कसा परततो, लाथेने चेंडू मारणाऱ्यावर कसा झेपावतो, ते बघा. दुसरं कारण हारजितीचं. तो संघात असताना सेंट हेलेन्सने 2007 ते 2011 असे सुपर लीगचे सलग पाच अंतिम सामने गमावले. बुलडॉग्जसोबत 2012 आणि 2014 चेही गेले. 2012 च्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा कान चावल्याच्या प्रकरणात त्याच्यावर 12 सामन्यांची बंदी आली. हा डाग झाकून त्याची कारकीर्द सांगता येत नाही. शेवटी 2020 मध्ये तो सेंट हेलेन्सला परतला. कोविडमुळे प्रेक्षकांविना झालेल्या अंतिम सामन्यात विगनविरुद्ध शेवटच्या क्षणी जॅक वेल्सबीने ट्राय केला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले), सामना 8-4 ने जिंकला आणि पस्तिशीतला ग्रॅहॅम तिथेच निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर तो डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल पॉडकास्टमधून उघडपणे बोलू लागला. घरातलं कुणी मूल हा खेळ खेळणार असेल, तर 2014 च्या शौर्याआधी हे ऐका. मोडक्या हाडाने खेळत राहणं आज मला आदर्श म्हणून कुणासमोर ठेववत नाही, बर्जेसबद्दल कितीही आदर असला तरी.

दोघांना एकाच जर्सीत पाहायचं असेल तर 2017 च्या रग्बी लीग विश्वचषकाचा अंतिम सामना शोधा. ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाने तो 6-0 असा जिंकला. पूर्ण सामन्यात ट्राय एकच, त्यामुळे उरलेला सगळा वेळ फॉरवर्डांकडे बघायला मोकळा मिळतो.