इलिनॉयची सरकारी विकास केंद्रे: सेवा कशी आहे आणि संघटना ती का वाचवते

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीची सोय घराबाहेर करायची वेळ आली, तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात कुटुंबापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: राज्य सरकार स्वतः चालवत असलेले मोठे विकास केंद्र, किंवा खासगी संस्थेने वस्तीत चालवलेले लहानसे समूहगृह. पहिल्या सेवेविषयी लिहिताना ॲफ्समी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या इलिनॉय शाखेला, म्हणजे काउन्सिल 31 ला, वगळता येत नाही, कारण ही केंद्रे बंद करण्याला तिने सातत्याने विरोध केला आहे आणि तेथे प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांत तिचे सदस्य मोठ्या संख्येने आहेत.

या सेवेचे खरे बळ तिच्या माणसांत आहे. सरकारी वेतन आणि निवृत्तिवेतन असल्यामुळे अनेक कर्मचारी वर्षानुवर्षे टिकतात. ज्याला बोलता येत नाही, ज्याला घास भरवताना ठसका लागला तर जिवावर बेतू शकते, अशा व्यक्तीसाठी ओळखीचा हात आणि चोवीस तास हाकेच्या अंतरावर असलेली परिचारिका यांचे मोल फार मोठे आहे. समूहगृहांत मात्र 2010 नंतरच्या दशकात हेच काम करणाऱ्यांना तासाला सुमारे 10 डॉलर मिळत, आणि माणसे टिकत नसत. 2016 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या शोधवृत्तांतून तेथील दडलेली हेळसांड आणि छळ उघड झाला, तेव्हा केंद्रे बंद करून रहिवाशांना समूहगृहांत पाठवू नये, हा संघटनेचा इशारा केवळ नोकऱ्या राखण्यासाठी नव्हता, हे मान्य करावे लागले.

गव्हर्नर पॅट क्विन यांच्या काळात, 2012 मध्ये, टिनली पार्कचे मानसिक आरोग्य केंद्र आणि जॅक्सनव्हिलचे विकास केंद्र बंद झाले. सेंट्रेलियाचे मरे केंद्रही त्याच वाटेवर होते. पण रहिवाशांचे पालक न्यायालयात गेले, संघटनेने विरोध चालू ठेवला आणि पुढे सत्ताबदल झाल्यावर गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी ते चालू ठेवले. पालक आणि कर्मचारी एकाच बाजूला उभे राहिले, ही त्या सेवेला मिळालेली सर्वांत बोलकी पावती मला वाटते.

ॲना गावच्या चोएट केंद्राला मात्र तशी पावती देता येत नाही. तेथील रहिवाशांना झालेली मारहाण आणि ती झाकण्यासाठी कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पाठीशी घालणे, या गोष्टी वृत्तपत्रांनी आणि नंतर सरकारी चौकशीनेही मांडल्या. 2023 मध्ये गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी तेथील अनेक रहिवाशांना अन्यत्र हलवण्याचे जाहीर केले, तेव्हा संघटनेने त्यालाही विरोध करत अपुऱ्या मनुष्यबळाकडे बोट दाखवले. मनुष्यबळाची टंचाई खरी असेल. टंचाईमुळे येणारा थकवा समजतो, पण मार लपवणे समजत नाही. जी संघटना रहिवाशांच्या नावाने लढते, तिने अशा वेळी सर्वांत आधी त्यांच्या बाजूने बोलायला हवे होते.

गंभीर वैद्यकीय गरजा असलेल्या व्यक्तीसाठी मी मरेसारख्या केंद्राची शिफारस करीन. ज्यांना वस्तीत राहायचे आहे आणि तसे राहणे जमण्यासारखे आहे, त्यांना केंद्रात अडकवून ठेवणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या ओल्मस्टेड निकालाच्या विरोधात जाते. मार्ग कोणताही निवडला, तरी कुटुंबाने रात्रपाळीला किती कर्मचारी असतात, ते सरासरी किती वर्षे टिकतात आणि तक्रारीची चौकशी संस्थेबाहेरचे कोणी करते का, हे प्रवेशाआधी लेखी मागून घ्यावे.