नवरा अमेरिकन, फाईल राजारामपुरीतली: स्पाऊस व्हिसाचा माझा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक छोटं व्हिसा कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे, एक मॅडम आणि एक मुलगा एवढाच स्टाफ, तिथं माझी फाईल झाली. मॅडमना विचारलेलं नाही म्हणून नाव टाकत नाही. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढं सांगते.

त्याआधी दुसऱ्या एका एजंटकडं गेलो होतो. तो म्हणला टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं लग्न करा, मग कागद होतात आपोआप. बाबांना पटलं पण, कारण खर्च कमी. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणल्या असली फाईल मी हातात घेणार नाही, तिथंच लग्न करून राहायचं मनात ठेवून फिरायला चाललोय असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते पकडलं तर पुढचे सगळे दरवाजे बंद. समोरचं गिऱ्हाईक जाईल याची फिकीर न करता त्या हे बोलल्या, त्याच दिवशी मी ठरवलं की फाईल इथंच करायची.

मग त्यांनी दोन रस्ते समजावून सांगितले. फियान्से व्हिसावर, म्हणजे लग्न ठरलेल्यांच्या व्हिसावर गेलं तर पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न, त्यानंतर ग्रीन कार्डचा (तिथं कायम राहायच्या परवान्याचा) वेगळा अर्ज, आणि कामाचं परमिट येईपर्यंत नोकरी नाही. इथं लग्न करून गेलं तर वाट बघायला लागते पण उतरल्यापासून काम करता येतं. आईला लग्न कोल्हापुरातच पाहिजे होतं, त्यामुळं दुसरा रस्ता.

लग्न स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली. नोटीस दिली की ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर परत नवी नोटीस. दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी ३० दिवस जिल्ह्यात राहिलेला लागतो, ते माझ्यामुळं झालं. नवऱ्याच्या सुट्टीचा हिशेब याच्यावरच बसवायला लागला. तो अविवाहित असल्याचा कागद अमेरिकेत मिळत नाही, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये शपथेवर सही करायची, एका शिक्क्याचे ५० डॉलर. तो आमच्या घरी उतरला तर २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (तेव्हा फॉर्म सी) ऑनलाईन भरायचा हे पण मॅडमनीच आठवण करून सांगितलं, आम्हाला वाटायचं ते फक्त लॉजवाल्यांना असतं. तीन साक्षीदार लागतात, मामा, मावशी आणि माझी मैत्रीण.

खरा अनुभव कागदांचा. मॅडमनी टेबलावर पासपोर्ट, शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि लग्नाचं सर्टिफिकेट ओळीनं मांडलं आणि पट्टी ठेवून एकेक अक्षर वाचलं. जन्मदाखल्यावर माझ्या नावाची जागा कोरी! जन्माच्या वेळी बारसं झालेलं नव्हतं आणि नंतर कुणी महापालिकेत जाऊन नाव घातलंच नाही. पासपोर्टवर आईच्या नावात एक 'ए' जास्त. दोन्ही दुरुस्त करून येईपर्यंत त्यांनी पुढचा एक कागद केला नाही, मी चिडले होते तेव्हा, आता वाटतं बरं झालं. ज्यांची मुलं तिकडं लग्न करणार आहेत त्यांनी आजच घरातला जन्मदाखला काढून बघा.

आय-१३० म्हणजे बायकोला तिकडं बोलवायचा अर्ज नवऱ्यानं स्वतः ऑनलाईन भरला, ६२५ डॉलर, मॅडम म्हणल्या सिटिझन तो आहे, अर्ज त्याचा. तो मंजूर झाल्यावर नॅशनल व्हिसा सेंटरचे (इंटरव्ह्यूआधी कागद तपासणारं अमेरिकन ऑफिस) ३२५ आणि १२० डॉलर, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, पोलीस क्लिअरन्स वगैरे. मॅडमची फी १५,००० रुपये झाली, पावतीसकट, आणि जिथं कायद्याचा प्रश्न आला तिथं त्यांनी सरळ वकिलाला विचारा म्हणून सांगितलं.

आता कापलेला स्टार. आय-८६४ म्हणजे नवरा मला सांभाळू शकतो याची हमी, त्याला अमेरिकेतल्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के कमाई दाखवायला लागते. नवरा आदल्या वर्षापर्यंत शिकत होता, कमाई बसेना. शेवटी सासूबाईंनी जॉइंट स्पॉन्सर (जोडीचा हमीदार) म्हणून सही केली पण त्यांचे टॅक्सचे कागद जमवून येईपर्यंत दोन महिने गेले. हे मॅडमनी पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं, तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि त्यांनी मान्य केलं.

इंटरव्ह्यूला महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेले, मेडिकल आधीच झालेलं. पाठ करून जायला मॅडमनी उत्तरं दिली नाहीत, म्हणल्या जे खरं आहे ते सांग. खिडकीतल्या बाईनं विचारलं तुम्ही शेवटचं कधी भेटलात, त्याला इथलं जेवण झेपलं का. मी पांढऱ्या रश्श्याचं सांगितलं, तांबड्याला तो अजून हात लावत नाही, तर ती हसली. आणखी कागद मागितले नाहीत.

लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत गेलं की ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा कार्ड पुढं कायम करायचा अर्ज भरायचा असतो. पोचल्यावर कार्डावरची तारीख मला कळव, असं सांगून मॅडमनी फाईलच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं एक रिकामी चौकट काढून दिलीय.