कापलेल्या नळीवर स्क्रू-इन चोक: आठ महिन्यांनंतर

टेक्सासात आल्यावर जुनी रेमिंग्टन ८७० घेतली. बारा बोर, ३० इंची नळी, फुल चोक. स्वस्तात मिळाली, कारण नळीचं तोंड फुगलेलं होतं. आधीच्या मालकाने बहुधा चिखल अडकलेला असताना बार काढला असावा. फुगलेला भाग कापायला हवाच. पण चोक म्हणजे नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांतला आवळलेला भाग. तोच गेला की उरतो सरळ पाइप आणि छर्रे लवकर पांगतात. म्हणून तीन इंच कापून आतून आटे पाडून घेतले आणि बदलता येणारे चोक बसवले. तेव्हापासून बहुतेक रविवारी ट्रॅपचे (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरच्या नेमबाजीचे) दोन राउंड, म्हणजे ५० काडतुसं.

पहिल्याच रविवारी घोळ. नेम बरोबर, पण चकत्या आपल्या मजेत पुढे जायच्या. शेवटी ४० यार्डांवर मोठा कागद लावला. छर्ऱ्यांचा मध्य नेमाच्या डावीकडे नऊ इंच! घरी बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून नळीतून बरोबर मापाचा सरळ रॉड सोडला, तर तो चोकच्या तोंडाशी मध्यावर यायच्या ऐवजी एका बाजूला चिकटलेला.

शिरोली एमआयडीसीत मी अकरा वर्षं लेथवर काढलीत, त्यामुळे काय झालं ते लगेच कळलं. आटे पाडणाऱ्या कारागिराने लेथवर नळी बाहेरच्या व्यासावर सेंटर केली होती. नळीचं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच केंद्रावर असतीलच असं नाही. डायल गेज भोकात लावून भोकच केंद्रावर आणायचं असतं. दोन इंची चोक बारा थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तिरका बसला, तर ४० यार्डांवर साधारण तेवढेच नऊ इंच होतात. त्रैराशिक करून बघा. पैसे परत मागितले, तर म्हणाला, तुमचा नेम चुकतोय.

दुसऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने आणखी एक इंच कापून नवे आटे पाडले. २७ ची २६ झाली, फरक काही जाणवला नाही. इथे १८ इंचांखाली गेलात तर १९३४ चा फेडरल कायदा आडवा येतो, तेवढं मोजून घ्यावं. फोनवर हे ऐकून सिंधुदुर्गातल्या मामांना त्यांची पीक संरक्षणाची बाराबोर आठवली. म्हटलं, मामा, मनातही आणू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय नळी तोकडी करणं हाच १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे.

आता चोकविषयी. नावावर जाऊ नका. मॉडिफाइड म्हणजे भोकापेक्षा साधारण २० थाऊ आवळलेला, पण कंपनी ते .७२९ इंच भोक धरून काढते. माझं भोक भरलं .७२५, म्हणजे प्रत्यक्षात आवळ १६ थाऊच. कागदावरही तेच दिसलं: १⅛ औंसाचं आठ नंबरचं काडतूस, अंदाजे ४६१ छर्रे, ३० इंचांच्या वर्तुळात २४८ भोकं. बायको म्हणाली, रविवारी एवढंच काम उरलंय का? मॉडिफाइडला ६० टक्के म्हणतात, मला मिळाले ५४. शेवटी एक पायरी घट्ट चोक घेतला आणि ट्रॅपला तोच लावतो. भोक मोजून मगच ऑर्डर द्या.

तक्रार म्हटली तर एकच. पंचवीसेक बारांनंतर चोक सैल होतो. प्रत्येक राउंडनंतर बंदूक रिकामी करून बोटाने चाचपायची सवय लागलीय. आत वॅडचं (काडतुसात छर्ऱ्यांमागे असलेल्या गुट्टीचं) प्लास्टिक साठतं आणि आट्यांत कचरा गेला की निघता निघत नाही. एकदा रात्रभर तेलात ठेवावा लागला. तेव्हापासून आट्यांना ग्रीसचं बोट. आणि चोक न लावता बार कधीच काढायचा नाही. आट्यांकडची नळीची भिंत आधीच पातळ झालेली असते.