तालुक्यातल्या डॉक्टरांना साथीची माहिती कशी पोचवायची: ग्रुप, मेल, बैठक, फोन की कागद?

कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेचं सचिवपद यंदा तुमच्या गळ्यात पडलं असेल, किंवा ‘खासगीवाल्यांना कळवायचं तेवढं तुम्ही बघा’ असं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. श्वसनमार्गाच्या विषाणूची पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती आल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘सगळ्यांना कळवा’ असा फोन येणार, हे नक्की. तेव्हा घाईत ठरवण्यापेक्षा आता ठरवलेलं बरं.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. सरकारी सूचना खाली यायची शिडी ठरलेली आहे: राज्य, जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तिथून उपकेंद्र आणि आशाताई. खासगी दवाखाना या शिडीच्या कुठल्याच पायरीवर नाही. आणि कोकणात ताप-खोकल्याचा माणूस बहुतेक वेळा आधी जातो तो जवळच्या बीएचएमएस (होमिओपॅथी) किंवा बीएएमएस (आयुर्वेद) डॉक्टरांकडेच. म्हणजे साथ जिथे पहिल्यांदा दिसणार, तिथेच सूचना शेवटी पोचते. ही फट भरायला आपल्या हाताशी पाच साधनं आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुप, ई-मेलने जाणारी परिपत्रकं, आठवड्याची ऑनलाइन बैठक, फोन-एसएमएस आणि छापील पान.

साधन निवडताना लोक दोनच गोष्टी बघतात: किती लवकर जातं आणि किती जणांना जातं. मी तिसरी गोष्ट आधी बघेन. काल दिलेली सूचना आज मागे घ्यायची झाली, तर ती खरोखर मागे घेता येते का? कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आठवा. सुरुवातीला ४ ते ६ आठवडे, २२ मार्च २०२१ ला ६ ते ८ आणि १३ मे २०२१ ला १२ ते १६. चार महिन्यांत तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या दिवशी अधिकृत. प्लाझ्मा उपचार, म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव रुग्णाला देणं, १७ मे २०२१ ला केंद्र सरकारच्या सूचनांमधून वगळले गेले. त्याआधी किती नातेवाइकांनी दात्यांच्या शोधात रात्री जागवल्या, ते वेगळं सांगायला नको. नव्या विषाणूत पुरावा हळूहळू जमतो आणि सूचना त्याच्या मागे फिरते, तेव्हा पुढच्या वेळीही हेच होणार. रुग्णाचं नुकसान नवी सूचना दोन दिवस उशिरा आल्याने होतं, तितकंच जुनी सूचना टेबलावर जिवंत राहिल्यानेही होतं.

ग्रुप आणि मेल

व्हॉट्सअॅपला वेगात तोड नाही. सगळे आधीच तिथे आहेत, कोणाला काही शिकवावं लागत नाही, आणि मेसेज कोणी वाचला, कोणी नाही, तेही दिसतं. मेलला यातलं काहीच जमत नाही. तालुक्यातल्या कितीतरी डॉक्टरांचा मेल उघडतो तो नोंदणीचं किंवा विम्याचं नूतनीकरण आलं की.

पण मागे घेण्याच्या कसोटीवर ग्रुप साफ नापास होतो. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केल्यावर मेसेज आपल्या ग्रुपमधून जातो. तिथून पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपने वारंवार पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी झाला असेल, पण जुन्या मेसेजवर तारीख काही आली नाही. तीन आठवड्यांपूर्वीचा डोसाचा तक्ता कोणीतरी ‘उपयुक्त’ म्हणून पुन्हा टाकतो. त्याच्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाच्या केकचे फोटो येतात, आणि खरी सुधारित सूचना त्या ढिगाखाली जाते.

मेल इथे शिस्तीचा आहे. विषयाच्या ओळीत ‘क्र. १४, क्र. १३ रद्द’ असं लिहिलं की सहा महिन्यांनीही शोधून काढता येतं. वाद झाला तर ‘कोणत्या दिवशी काय कळवलं होतं’ याचा पुरावा राहतो. अडचण येते ती मेलला जोडून येणाऱ्या कागदाची. परिपत्रक छापलं जातं, सही-शिक्का होतो, मग ते वाकडं स्कॅन होतं. शिक्का नेमका तारखेवर बसलेला असतो. सात पानांतली पाच ‘संदर्भ’ आणि ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ यांत जातात, आणि डॉक्टरला हवी असलेली ओळ सहाव्या पानावर, परिच्छेद ४ च्या उपपरिच्छेदात. ओपीडीत दहा माणसं बाकावर खोकत असताना पाच इंची पडद्यावर ती ओळ कोण शोधणार?

या दोघांतून एकच निवडायचं असेल तर मी ग्रुपच निवडेन, कारण मेल उघडलाच जात नाही; पण दोन करून. एक ‘सूचना’, जिथे फक्त अॅडमिन लिहू शकतो. दुसरा ‘चर्चा’, जिथे बाकीचं जग चालू दे. मेल फक्त दप्तर म्हणून ठेवा.

बैठक

२००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सी साठी ‘इको’ नावाची पद्धत सुरू केली. दूरच्या गावांतले डॉक्टर ठरल्या वेळी पडद्यावर जमतात, आपला रुग्ण मांडतात, तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून बोलतात. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही ती वापरली. एरवी जे ऑनलाइन व्याख्यान असतं, त्यात तज्ज्ञ पन्नास स्लाइड दाखवतो आणि बाकीचे कॅमेरा बंद करून जेवतात. तुम्ही बैठक ठेवलीत तर पहिल्या पद्धतीची ठेवा.

बैठकीचं बळ हे, की माणूस ग्रुपवर लिहायला कचरतो ते तिथे विचारतो. आपल्याकडे हा प्रश्न पावसाळ्यात येतोच येतो: ताप, अंगदुखी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४. ही साथ, की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), की डेंग्यू? दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापही त्या यादीत आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातले सर स्टिरॉइडबद्दल उत्तम सांगतील, पण शेतात गुडघाभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाचा ताप त्यांच्या स्लाइडमध्ये नसतो. आयसीयूचा बेड दोन तासांवर आहे, हेही त्यांना सांगावं लागतं. म्हणून पाहुणा जिल्हा रुग्णालयातला फिजिशियन असावा. मोठे सर महिन्यातून एकदा पुरे.

तोटे सरळ आहेत. वेळ जुळवणं कठीण: सकाळची ओपीडी दुपारपर्यंत लांबते, संध्याकाळची आठ-नऊपर्यंत. दुपारी अडीच किंवा रात्री साडेनऊ, एवढ्याच दोन खिडक्या. शिवाय खाडीकाठच्या आणि घाटाखालच्या कितीतरी गावांत व्हिडिओ चालेल एवढी रेंज नसते, तेव्हा फोन लावून नुसतं ऐकता येईल अशी सोय ठेवाच. रेकॉर्डिंगवर भिस्त ठेवू नका, ते कोणी बघत नाही. आणि बदललेली सूचना कळवण्यासाठी बैठक वापरूच नका. जो त्या दिवशी आला नाही, त्याच्यासाठी जुनीच सूचना चालू राहते.

लाईट गेल्यावर

कोकणातला निर्णय इतर ठिकाणांहून वेगळा होतो तो इथे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यानंतर तेरा दिवसांनी, १६ जूनला, कोविडवरच्या औषधांच्या इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल जाहीर झाला: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांमधले सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. २७ जूनला केंद्राच्या उपचारसूचनांत ते औषध आलं. हातात असलेलं, स्वस्त, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणारं औषध. त्या अकरा दिवसांत वादळाच्या पट्ट्यातल्या डॉक्टरला ही बातमी ग्रुपवर, मेलवर किंवा पडद्यावर मिळायची तर आधी फोन चार्ज व्हायला हवा होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने वर गेलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. दोन्ही वेळा साथ चालूच होती.

अशा वेळी एसएमएस आणि फोन साखळी कामाला येतात. एसएमएसला टूजीची एक काडी पुरते. मात्र तो मराठीत लिहायचा तर एका मेसेजात ७० अक्षरखुणाच बसतात (इंग्रजीत १६०), आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणून मजकूर असा घोटावा लागतो:

‘डेक्सा: ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. घरी असलेल्यांना नको. पान १४ पाहा.’

हा सत्तरच्या आत बसतो. (‘पान १४’ म्हणजे चौदाव्या क्रमांकाचं छापील सूचनापान, त्याचा ढाचा पुढे दिला आहे.) जाहिरात कंपन्यांसारखा घाऊक एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे घाऊक एसएमएससाठीच्या नोंदणी यंत्रणेत, नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ते साथीच्या मध्यावर जमत नाही, शांततेच्या काळात करून ठेवा. साठ-सत्तर डॉक्टर असतील तर साध्या फोनवरून पाच-पाच जणांना पाठवलं तरी भागतं.

फोन साखळीत एकाने पाच जणांना सांगायचं, त्या पाचांनी पुढच्या पाचांना. तिचा धोका आपल्याला गावकीतून माहीत आहे: तिसऱ्या तोंडी ‘सहा मिलिग्रॅम’चं काय होईल सांगता येत नाही. म्हणून साखळीवर डोस सांगायचाच नाही. ‘पान १४ आलंय, १३ फाडा’ एवढंच बोलायचं.

राहिला कागद. सगळ्यात हळू, दोन-तीन दिवस घेणारा. पण वीज, रेंज, चार्जर यांपैकी काहीच न मागणारा. टाळेबंदीत एसटी थांबली, एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) यायचे बंद झाले, औषधांच्या होलसेलरची गाडी मात्र मेडिकलपर्यंत जात राहिली, कारण ती अत्यावश्यक सेवेत होती. गठ्ठा त्या गाडीत टाकायचा, डॉक्टर शेजारच्या मेडिकलमधून उचलतो. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरी बंद झाली की रस्त्याने चिपळूणचा वळसा पडतो. अशा टोकाच्या गावांची पाकिटं वेगळी बांधावी लागतात.

पानाचा ढाचा माझ्या मते असा हवा. वरच्या उजव्या कोपऱ्यात ठळक क्रमांक आणि तारीख. त्याखाली ‘काय बदललं’ तीन ओळींत. मग ‘काय बंद करायचं’, चौकटीत. मग कुठे पाठवायचं: बेड, ऑक्सिजन, रुग्णवाहिका आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. तळाला ही सूचना कोणाची आणि कोणत्या तारखेची. एकच बाजू, एकच पान. टेबलाच्या काचेखाली नवं सरकवलं की जुनं आपोआप बाहेर येतं, आणि मागे घेण्याची कसोटी कागद इथेच जिंकतो.

मग निवड काय?

मी पानाला पाया धरतो, बाकी सगळं त्याचा टपाल्या. त्याच पानाचा स्वच्छ फोटो ‘सूचना’ ग्रुपवर, तेच मेलवर, त्याचा क्रमांक एसएमएस आणि साखळीवर. तुमचा तालुका पनवेल-अलिबागसारखा असेल, रेंज आणि वीज सहसा टिकत असेल, तर छापील प्रती कमी करून बैठकीवर जोर द्या. मंडणगड, गुहागर, राजापूर, देवगड असेल तर उलट करा. हाताशी एकच माणूस आणि आठवड्याचे दोनच तास असतील तर बैठक सोडा, पान सोडू नका.

दोन पथ्यं. संघटनेने स्वतःची उपचारपद्धती काढू नये, राज्याची आणि केंद्राची सूचना आटोपशीर करून पुढे द्यावी. मार्च २०२० मध्ये १८९७ च्या साथरोग कायद्याखाली राज्याने काढलेल्या नियमांत खातरजमा न केलेली माहिती पसरवण्याला मनाई होती, पुढच्या वेळीही काही वेगळं नसेल. आणि ‘चर्चा’ ग्रुपवर सीटीची फिल्म टाकताना रुग्णाचं नाव कापा. गावात आडनाव आणि वाडी एवढ्यावरून माणूस ओळखला जातो.

फोनची यादी मे महिन्यात तपासून घ्या, जूननंतर नंबर शोधत बसायला कोणाला सवड नसते. आणि गणपतीसाठी चाकरमानी यायला लागायच्या आधीच्या आठवड्यात पान निघालंच पाहिजे. त्या आठवड्यात काहीच बदललेलं नसेल तरी ‘बदल नाही, पान १७ कायम’ असं छापून, तारखेसकट.