‘१८० वॅट’चे फॉग लॅम्प आणि आंबा घाट

पावसाळ्यात कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जा-ये करणाऱ्यांना तिथल्या धुक्याची धास्ती ठाऊक आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याच धास्तीपोटी मी गाडीला फॉग लॅम्प बसवून घेतले आणि त्यात सरळसरळ फसलो. इतर कोणी असे फसू नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दुकानदाराने लॅम्पची जोडी खोक्यातून काढली, बॅटरीला वायरी लावल्या आणि जेमतेम आठ-दहा फुटांवरच्या भिंतीवर झोत टाकला. डोळे दिपले. खोक्यावर १८० वॅट आणि १८,००० ल्युमेन (उजेडाचे माप) असे छापलेले होते. काचेवरचे वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर दाखवून ‘साहेब, एक्स्पोर्टचा माल आहे’ असे त्याने आवर्जून सांगितले. फिटिंगसह ९,५०० रुपये मी मोजले. इतक्या जवळच्या भिंतीवर कुठलाही दिवा प्रखरच दिसतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

जुलैत एका रात्री घाट उतरायला लागलो आणि धुके दाटले. लॅम्प लावताच समोर पांढरा पडदा उभा राहिला. रस्त्याच्या कडेचा जो पट्टा डिप्परमध्ये निदान पुसट दिसत होता, तोही नाहीसा झाला. समोरून येणारा एसटीचालक सारखा अप्पर-डिप्पर देत होता, कारण माझा झोत थेट त्याच्या डोळ्यांत जात होता. मी लॅम्प बंद केले. आणखी दोन वळणे उतरलो, तोच डावा हेडलाइट गेला. मागच्या सीटवर आई होती. एका दिव्यावर घाटाखालच्या साखरप्यापर्यंतचे ते अंतर आठवले की आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत ऑटो इलेक्ट्रिशियनने बंपर उतरवला. आत रिले (लॅम्पला बॅटरीतून थेट वीज जोडणारा स्विच) नव्हता, स्वतंत्र फ्यूज नव्हता. हेडलाइटची वायर मधेच सोलून तिच्याभोवती लॅम्पची वायर नुसती पिळली होती आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी पाण्याने सुटली होती आणि आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटली होती. त्याने वायरीतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर दोन्ही लॅम्प मिळून २.९ अँपिअर घेत होते, म्हणजे १३.८ व्होल्टला केवळ ४० वॅट. खरोखर १८० वॅट असते तर १३ अँपिअर वाहिले असते आणि तेवढी बारीक वायर तापून वितळली असती, असे तो म्हणाला. दिवा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मंजूर असल्याची ‘ई’ची खूणही बनावट निघाली. खऱ्या खुणेत वर्तुळात ‘ई’बरोबर देशाचा क्रमांक असतो आणि जवळच मंजुरीचा क्रमांक व दिव्याचा प्रकार, म्हणजे पुढच्या फॉग लॅम्पसाठी ‘बी’ किंवा ‘एफ३’, कोरलेला असतो. माझ्या काचेवर नुसते ‘ई’ होते.

पण वॅटच्या खोटेपणापेक्षा मोठी फसवणूक झोताची होती. फॉग लॅम्पचा झोत आडवा, रुंद आणि वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखा असावा लागतो, म्हणजे उजेड धुक्यावर आदळून डोळ्यांत परत न येता खालच्या रस्त्यावर पडतो. मला विकलेले लॅम्प गोल, लांब पल्ल्याच्या झोताचे होते आणि ते धुक्यात निरुपयोगीच नव्हे तर घातक ठरतात. पिवळा रंग धुके भेदतो, हेही दुकानात ठासून सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो झोताच्या आकाराने.

परत गेलो तेव्हा दुकानदाराचे उत्तर तयार होते: इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते. माझ्याकडे पक्के बिल नव्हते. चिठ्ठीवर फक्त ‘लाइट फिटिंग’ आणि रक्कम होती, ना मॉडेल ना जीएसटी क्रमांक. त्यामुळे ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करतानाही पुराव्यादाखल दाखवायला काही उरले नाही.

आता दुसरे लॅम्प, रिले आणि फ्यूजसह, समोर उभे राहून बसवून घेतले आहेत. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी केली, लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि झोताची वरची कड त्या रेघेखाली दहा सेंटिमीटरवर येईपर्यंत स्क्रू फिरवले. त्या वेळी टायरमध्ये हवा नेहमीएवढी आणि मागे नेहमीएवढी माणसे व सामान असावे, कारण डिकी भरली की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि झोत पुन्हा समोरच्याच्या डोळ्यांवर चढतो.