मोटर सर्किटचा एनईसी कोर्स: एक्सेल शीटमधल्या एका सेलपायी रिन्यूअल केलं नाही

कोर्सचा अॅक्सेस संपत आलाय आणि रिन्यूअलचे मेल दिवसाआड येऊ लागलेत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कोर्सचं नाव घेत नाही. विषय अमेरिकेचा इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे एनईसी (एनएफपीए ७०), आणि त्यातही फक्त मोटरवालं आर्टिकल ४३०. रेकॉर्डेड व्हिडिओ, प्रत्येक भागाला सरावाची गणितं आणि सोबत एक तयार एक्सेल शीट. अमेरिकन प्रोजेक्टची ड्रॉइंग करणाऱ्यांना ४३० काय चीज आहे हे माहीत असतंच, त्यामुळे ओळखपरेड गाळतो.

आधी बरं ते सांगतो. शिकवणारा माणूस जाणकार आहे, घाई करत नाही. सुरुवातीला मात्र मला त्याचा रागच आला होता, तो ४३०.६ या कलमावरून. मोटरच्या नेमप्लेटवर करंट छापलेला असताना केबल आणि ब्रेकरसाठी कोडच्या टेबलातलाच आकडा घ्यायचा, आणि नेमप्लेटचा आकडा फक्त ओव्हरलोडसाठी, म्हणजे मोटरने जास्त करंट ओढला की तिला बंद करणाऱ्या रिलेसाठी. २५ एचपी, ४६० व्होल्टच्या मोटरच्या पाटीवर ३२ अॅम्पिअर असले तरी केबलचं गणित टेबल ४३०.२५० मधल्या ३४ वरच करायचं. दोन अॅम्पिअरसाठी उगाच जाड केबल, म्हणजे तांब्याची उधळपट्टी, असं माझं मत होतं. पुढच्या एका भागात त्याने ओघात सांगितलं की मोटर जळाली की तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची, तेवढ्याच एचपीची मोटर येते आणि केबल मात्र जुनीच राहते. नव्या मोटरच्या पाटीवर ३४ असले तर? ओव्हरलोड रिले नव्या पाटीप्रमाणे लावता येतो, पाइपातली केबल कोण बदलणार? तिथे माझं मत फिरलं. पण हे कारण पहिल्याच भागात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

ब्रेकर आणि केबलची विसंगतीही त्याने छान सोडवली आहे. १० एचपी, ४६० व्होल्टला टेबलात १४ अॅम्पिअर. केबलसाठी त्याची सव्वापट १७.५, म्हणून १२ एडब्ल्यूजी (अमेरिकन मापाची १२ नंबरची वायर) तांबं पुरतं. ब्रेकर मात्र अडीचपट, म्हणजे ३५ अॅम्पिअरपर्यंत चालतो. एरवी त्याच १२ नंबरच्या वायरला २० च्या वर ब्रेकर लावू देत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा दचकतो. खुलासा असा की इथे कामं वाटून दिलेली आहेत. वायर आणि मोटर तापू न देणं हे ओव्हरलोड रिलेचं काम, आणि ब्रेकर फक्त शॉर्ट सर्किट आणि ग्राउंड फॉल्टसाठी. तो छोटा ठेवला तर मोटर सुरू होतानाच्या करंटला उडत बसेल. २४०.४(जी) मोटर सर्किटना त्या २० च्या मर्यादेतून बाहेर काढून ४३० कडे पाठवतं. हा भाग दोनदा बघण्यासारखा आहे.

डिस्कनेक्टचा, म्हणजे मोटरची वीज तोडायच्या स्विचचा भाग ठीक. 'नजरेच्या टप्प्यात' म्हणजे दिसायलाही हवा आणि १५ मीटरच्या आतही हवा, हे त्याने व्यवस्थित ठसवलंय. व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) भाग मात्र उरकल्यासारखा वाटला.

आता एक्सेल शीट. माझे पैसे खरं म्हणजे तिच्याचसाठी गेले, कारण जाहिरातीत तीच पुढे होती.

शीटमध्ये मोटरी भरायच्या की ती केबल, ओव्हरलोड, ब्रँचचा (एकेका मोटरच्या लाइनचा) फ्यूज किंवा ब्रेकर आणि फीडरचं (सगळ्या मोटरींना मिळून वीज आणणाऱ्या लाइनचं) रक्षण सगळं काढून देते. ब्रँचपर्यंत एकही आकडा चुकत नाही. गडबड फीडरच्या ओळीत आहे. ब्रँचला गणितातून आलेला आकडा बाजारातल्या स्टँडर्ड साइझशी जुळला नाही, तर ४३०.५२ मधला अपवाद पुढची मोठी साइझ घेऊ देतो. फीडरच्या ४३०.६२ मध्ये असा अपवादच नाही. तिथे सगळ्यात मोठा ब्रँच फ्यूज किंवा ब्रेकर अधिक बाकी मोटरींचा करंट, या बेरजेच्या वर जायचं नाही, खालीच उतरायचं. शीट मात्र दोन्हीकडे डोळे मिटून वरच चढते.

हे मी स्वतःच्या डोक्याने काढलेलं नाही. कोडच्याच मागे अॅनेक्स डी हे सोडवलेल्या उदाहरणांचं परिशिष्ट आहे, त्यातलं उदाहरण डी८ काढा. एक २५ एचपीची साधी स्क्विरल केज मोटर आणि दोन ३० एचपीच्या वाउंड रोटर (वेगळ्या प्रकारच्या) मोटरी. २५ एचपीला साधा फ्यूज टेबलातल्या ३४ च्या तिप्पट, म्हणजे १०२, म्हणून पुढची साइझ ११०. फीडरला हे ११० अधिक उरलेल्या दोन मोटरींचे ४० आणि ४०, एकूण १९०. स्टँडर्ड साइझ आहेत १७५ आणि २००. डी८ चं उत्तर १७५. शीटचं उत्तर २००.

त्यात तर्कही सरळ आहे. फीडरच्या बेरजेत सगळ्यात मोठा ब्रँच फ्यूज आधीच वर सरकवून धरलेला असतो. १०२ चे ११० झालेच आहेत, आता त्यावर पुन्हा वर कशाला चढायचं?

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की शीट तज्ज्ञांनी तपासलेली आहे. डी८ चा स्क्रीनशॉट जोडून पुन्हा लिहिलं. या वेळी म्हणाले, फीडरची केबल जाड असेल तर मोठं रेटिंग चालतं. हे खोटं नाही. ४३०.६२(बी) तसं म्हणतं: केबल गरजेपेक्षा जाड टाकली असेल, तर फीडरचं रक्षण त्या केबलच्या क्षमतेवरून ठरवता येतं. त्यामुळे चिडून लिहिलेला माझा पुढचा मेल जरा मऊ करावा लागला. पण शीट केबलची साइझ विचारतच नाही, ती स्वतःच कमीत कमी साइझ काढते. डी८ मध्ये ती क्षमता १२४ अॅम्पिअर येते. मग ६२(बी) चा आधार कुठून आणणार? यावर उत्तर आलं ते अॅक्सेस महिनाभर वाढवून दिल्याचं. मी महिना मागितला नव्हता, एक सेल दुरुस्त करायला सांगितलं होतं. फॉर्म्युल्यात वर नेणारं फंक्शन काढून खाली आणणारं घालायचं, पाच मिनिटांचं काम. पण शीट पासवर्डने लॉक, म्हणजे आपणही हात लावू शकत नाही.

कुणी म्हणेल, सगळा कोर्स चांगला आणि तू एका सेलवर अडून बसलास. बसलोय. ज्या सेलमधला आकडा जसाच्या तसा ड्रॉइंगवर जातो, तिथे 'बाकी सगळं चांगलं आहे' याचा उपयोग नाही. इन्स्पेक्टर ड्रॉइंग बघतो, व्हिडिओ बघत नाही.

आणखी एक कुरबुर आहे, पण लहान. जाहिरातीत नवी आवृत्ती लिहिलंय, आणि व्हिडिओत फ्यूज-ब्रेकर किती टक्के घ्यायचा त्याचं टेबल अजून जुन्या ४३०.५२ या नावानेच येतं. २०२३ च्या कोडमध्ये ते ४३०.५२(सी)(१) झालंय. १७५, २५०, ३०० हे आकडे तेच आहेत, फक्त शोधताना वेळ जातो. कोड दर तीन वर्षांनी बदलतो हे यांना माहीत नसेल असं नाही.

मग घ्यावा का? ४३० पहिल्यांदाच उघडत असाल तर व्हिडिओंसाठी घ्या, शीट उघडूच नका. आधी येत असेल तर थांबा. एनएफपीएच्या साइटवर खातं उघडलं की अख्खा कोड फुकट वाचता येतो. डाउनलोड किंवा प्रिंट होत नाही, पण आकृती ४३०.१ मध्ये कोणता भाग कुठे आहे ते सापडतं आणि डी८ सुद्धा तिथेच आहे. मी आता त्याच उदाहरणात आपल्या मोटरींचे आकडे घालून स्वतःची शीट बनवली आहे. फीडरची ओळ खाली उतरते, आणि केबल जाड टाकली असेल तर ६२(बी) साठी वेगळा रकाना आहे. रिन्यूअलचे मेल स्पॅममध्ये टाकलेत.