हेड उतरवलंय: जुने बोल्ट, नवे बोल्ट की स्टड?

इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि हेड व ब्लॉकमधलं पॅकिंग म्हणजे गास्केट. ते उडालं की ट्रकमालकापुढे तीन रस्ते असतात. जुनेच हेड बोल्ट साफ करून लावायचे, नवा संच घ्यायचा, किंवा अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांचे व्हिडिओ बघून स्टड (ब्लॉकमध्ये रोवायचे, वरून नट लावायचे आटेदार दांडे) मागवायचे. इथे हिशेब मांडलाय तो आपल्याकडच्या टाटा 2515 सारख्या ट्रकमध्ये बसलेल्या 5.9 लिटरच्या कमिन्स 6 बीटी इंजिनाचा. दुसरं इंजिन असेल तर आकडे बदलतील.

आधी गास्केटच गेलंय ना, याची खात्री करा. थंड इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरचा होज कडक होत असेल, पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. पण रेडिएटरमध्ये नुसतं ऑइल दिसत असेल, तर हेडला हात लावण्याआधी ऑइल कूलर तपासा. चालत्या इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, त्यामुळे कूलर फुटला की ऑइल पाण्यात जातं आणि दोष उगाच गास्केटवर येतो.

आता बोल्ट. 6 बीटीला सहाही सिलिंडरवर मिळून एकच लांब हेड असतं, 12 मिलिमीटरच्या 26 बोल्टांनी आवळलेलं. शेवटचा टप्पा टॉर्क (पान्याचा पिळायचा जोर) बघून नाही, कोन मोजून आवळायचा असतो. तिथे बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच हेडला धरून ठेवतो. म्हणून जुना बोल्ट परत लावणं चुकीचं नाही, मात्र त्याची लांबी मोजून ती मॅन्युअलच्या मर्यादेत हवी, आटे धड हवेत आणि दांड्यावर गंजाचे खड्डे नकोत. नुसतं बघून ‘चालतंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीवर हे सोडू नका. गाडीचा इतिहास माहीत नसेल किंवा इंजिन एकदा सणसणीत तापलेलं असेल, तर माझं मत सरळ आहे: 26 च्या 26 नवे घ्या. हेड दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचं भाडं यापुढे बोल्टांचे पैसे किरकोळ आहेत.

स्टडचं काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं. बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या आट्यांवर घासत फिरतो, म्हणजे पीळही बसतो आणि ताणही. स्टड ब्लॉकमध्ये आधीच हातानं बसवलेला असतो, वरून फक्त नट फिरतो. त्यामुळे ताण जास्त सारखा येतो आणि ब्लॉकचे आटे वाचतात. चांगल्या पोलादाचे स्टड पुन्हा वापरताही येतात. हे फायदे खरे आहेत.

पण स्टडची ख्याती झाली ती मुख्यतः फोर्डच्या 6.0 लिटर पॉवरस्ट्रोकमुळे. 2003 ते 2007 च्या पिकअपमधलं हे व्ही-8 इंजिन. त्यात चार सिलिंडरच्या एका हेडला 14 मिलिमीटरचे दहाच मुख्य बोल्ट, शेजारच्या सिलिंडरांत वाटून घेतलेले आणि एकदाच वापरायचे. त्यात ऑइल कूलर चोंदला की ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) पाण्याविना भाजून फुटायचा, आणि वर मालक ट्यूनिंग करून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवायचे. तिथे एआरपी या कंपनीचे स्टड 210 फूट-पाउंडला, म्हणजे साधारण 285 न्यूटन-मीटरला आवळतात. हेडपर्यंत पोचायला अनेकदा अख्खी कॅब उचलावी लागते, त्यामुळे एकदाच खर्च करून मोकळं होणं त्यांना परवडतं.

आपल्या 6 बीटीला तो आजार नाही. कंपनीच्या सेटिंगवर चालणाऱ्या, माल ओढणाऱ्या ट्रकला स्टड लागत नाहीत. टर्बो बदललाय, डिझेल बरंच वाढवलंय आणि ते तसंच ठेवायचंय, तर स्टडचा विचार करा. कसारा नाहीतर खंबाटकी घाट चढताना दम लागतो म्हणून डिझेल पंप वाढवून घेतला असेल, तर मात्र पंप पुन्हा कॅलिब्रेट करून जागेवर आणा. सिलिंडरमधलं प्रेशर आणि उष्णता वाढत राहिली, तर नुसते स्टड इंजिनाला वाचवणार नाहीत.

वाचलेले पैसे हेडवर घाला. तापलेलं हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडला कितीही महागडा स्टड सपाट करत नाही. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून आधी मोजा, गरज असेल तर फेस मारून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून घ्या, व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये तडा आहे का ते प्रेशर टेस्टनं बघा. हेडचा फेस मारला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून व्हॉल्व्हची खोली मोजल्याशिवाय हेड चढवू देऊ नका. ब्लॉकचाही फेस मारावा लागला तर 0.25 आणि 0.50 मिलिमीटर जादा जाडीची गास्केटं मिळतात. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून, साफ करा. मिस्त्रीनं काढून ठेवलेला थर्मोस्टॅट परत बसवा, आणि कॅनॉलचं पाणी नाही, कूलंट घाला.

जोडताना बोल्टची भोकं टॅप आणि हवेनं साफ झाली पाहिजेत, भोकात ऑइल-पाणी साचलं असेल तर टॉर्क खोटा लागतो. बोल्टाचे टॉर्क स्टडला लावू नका आणि स्टड बनवणाऱ्यानं सांगितलेलंच ग्रीस वापरा, कारण वंगण बदललं की त्याच टॉर्कला ताण वेगळा येतो. 6 बीटीचे लांब बोल्ट रॉकरचे स्टँडही धरतात, म्हणून शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, सेट करावेच लागतात: थंड इंजिनावर इनटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर. काम देण्याआधी मिस्त्रीला विचारा, टॉर्क रेंचबरोबर अँगल गेज आहे का. नसेल तर दुसरं गॅरेज बघा.